जलपर्णीतल्या मोकळ्या जागा

११ ऑगस्ट

पोचले एकदाची. मोहोळ स्टेशनवर हुसेनसाब जीप घेऊन उभे होते. साठीचे असतील, दाढी मेंदीने रंगवलेली, बोलायला मोकळे. मी मूळची लातूरची हे कळल्यावर त्यांनी मला लगेच आपल्यातली करून टाकलं. पुण्याहून येणारी माणसं इथं टिकत नाहीत म्हणाले, त्यांना ऊन सोसतं पण शांतता सोसत नाही. वाटेत थांबून त्यांनी माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली आणि चूल पेटवायची सवय नसेल तर चांदबी, म्हणजे त्यांची बायको, रोज कालवण पाठवेल असंही परस्पर ठरवून टाकलं.

क्वार्टर छान आहे. दगडी जोत्यावर दोन खोल्या, पुढं लांब व्हरांडा. व्हरांड्याखाली उतार आणि उताराच्या टोकाला पाणथळ. सीना पूर्वी इथून वाहायची. मग तिनं वळण सोडलं आणि हे जुनं पात्र मागं राहिलं. नदीला पूर आला की थोडं पाणी इथं वळवायचं, म्हणजे तळी भरतात, विहिरींना पाझर फुटतो, पक्षी येतात आणि खालच्या वस्त्यांवरचा पुराचा जोरही कमी होतो. त्यासाठी आमच्या संस्थेनं नदीच्या बांधात लोखंडी गेट बसवलंय. ते कधी आणि किती उघडायचं, हे ठरवायचं माझं काम. लॅपटॉपवर प्रवाहाचं मॉडेल आहे. सगळ्या परिसराचे बारीक चौकोन पाडलेत, प्रत्येकाची उंची त्यात भरलीय. वरच्या धरणातून पाणी सुटलं की ते कुठून कुठं जाईल, कुठं किती चढेल, ते निळ्या रंगाच्या छटांत दिसतं.

हुसेनसाब दिवस मावळायच्या आत मोहोळला परतले. मी व्हरांड्यात बसून हे लिहितेय. आई गेल्यापासून दिवसभरात काय झालं हे सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून ही वही घेतली. इथं बरं वाटेल असं वाटतंय. समोर बगळे उतरलेत.

१६ ऑगस्ट

आज पहिल्यांदा गेट उघडलं. मॉडेलमध्ये जसं दिसलं होतं तसंच पाणी आलं: आधी जुन्या पात्राच्या तळाशी, मग बाभळींच्या मधून, मग उताराच्या पायथ्याशी येऊन थांबलं. मी एकटीच हसत उभी होते. फोन काढला आणि कुणाला लावायचा ते सुचेना, म्हणून परत ठेवून दिला.

दुपारी शेजारीण भेटली. क्वार्टरच्या मागं सखल रान आहे आणि त्यापलीकडं एक टेकाड. पावसाळाभर तिथं मेंढ्यांचा वाडा असतो. केराबाई आणि तिचा नवरा ज्ञानबा. केराबाई सत्तरीच्या आसपासची, कपाळावर मोठं गोंदण. माझ्या व्हरांड्यात बिनदिक्कत येऊन बसली आणि माझी चौकशी सुरू केली.

"एकलीच ऱ्हातीस व्हय गं? मानूस न्हाय का कुनी?"

नाही म्हटलं. आई होती, ती हिवाळ्यात गेली. त्यावर तिनं हळहळ केली नाही, नुसती मान हलवली. थोड्या वेळानं विचारलं की पाणी कुठवर येईल. मी तिला पडद्यावर टेकाड दाखवलं. कितीही पाणी सुटलं तरी ते कोरडंच, म्हणजे पडद्यावर पिवळंच, राहत होतं. ती बराच वेळ त्या पिवळ्या ठिपक्याकडं बघत राहिली आणि जाताना तांब्याभर दूध ठेवून गेली.

२१ ऑगस्ट

काहीतरी जुळत नाहीये. पात्राच्या मधोमध पाण्याचा वेग मॉडेलपेक्षा कमी येतोय. म्हणून आज नारंगी रंगवलेले लाकडी ठोकळे सोडून बघितले. ठोकळे एका घोळक्यात चालले होते. एका जागी आले आणि दोन बाजूंना फाटले, थोडं पुढं जाऊन पुन्हा एक झाले. वाटेत खांब असावा तसे. पण तिथं खांब नाही. पाणी सपाट आहे, वर काहीच दिसत नाही.

पुण्याला फरहानसरांना फोन केला. मॉडेल त्यांनीच बांधलंय. त्यांचं म्हणणं, पाण्याखाली जुना बुंधा असेल, तेवढ्या जागेवर एक अडथळा टाक आणि पुढं चल. मी आणखी काही बोलले असते, पण त्यांना मीटिंग होती.

२४ ऑगस्ट

हुसेनसाबांबरोबर होडी घेऊन गेले. त्या जागी बांबू खुपसला. सरळ तळाला लागला. बुंधा नाही, दगड नाही, काही नाही. मग म्हटलं, होडी नेमकी त्या जागेवरून नेऊ. हुसेनसाबांनी वल्हं मारलं आणि होडी बाजूनं गेली. पुन्हा मारलं, पुन्हा बाजूनं. त्यांना वाटलं वारा असेल. वारा नव्हता, बाभळीचं पानही हलत नव्हतं. त्यानंतर पुन्हा होडी वळली तेव्हा त्यांनी वल्हं आत घेतलं आणि मांडीवर ठेवलं. 

मग हळूच म्हणाले, "मॅडम, ही जागा आपल्याला नको म्हनती. चला मागं."

परत येताना मी मागं वळून बघितलं. आमच्यामुळं उठलेल्या लाटा काठाकडं निघाल्या होत्या. त्या जागेपाशी त्या फुटत होत्या, छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या कशावर तरी फुटाव्यात तशा.

२७ ऑगस्ट

अडथळा टाकला. त्याची रुंदी कमीजास्त करत बसले होते. एका रुंदीला सगळं अचानक जुळलं. पात्रात रोवलेल्या मापक पट्ट्यांवरचं पाणी आणि पडद्यावरचं पाणी अगदी एक. पट्टी घेऊन ती रुंदी भिंतीवर आखली आणि का कुणास ठाऊक, तिथं पाठ टेकून उभी राहिले.

माझ्या खांद्यांएवढी आहे.

३१ ऑगस्ट

वरून जलपर्णी वाहून आली. पाणथळ हिरवीगार झाकून गेली. सकाळी चहा घेऊन व्हरांड्यात आले आणि कप तसाच हातात राहिला. त्या हिरव्या चादरीत मोकळ्या जागा आहेत. गोल, स्वच्छ पाण्याच्या, माणूस मावेल एवढ्या. एक नव्हे. पात्राच्या पलीकडच्या कडेपासून निघून सगळ्या एका रांगेत. रेटा आला की पर्णी त्यांच्याभोवती गोळा होते, पण आत शिरत नाही. पाणकोंबड्या पानांवरून चालत येतात आणि तिथं आल्या की वळतात.

सगळ्या जागा मॉडेलमध्ये भरल्या. इतकं अचूक ते कधीच चाललं नव्हतं. फरहानसरांना आकडे पाठवले. त्यांचं उत्तर आलं: उत्तम. ते अडथळे काय आहेत, हे त्यांनी विचारलं नाही.

३ सप्टेंबर

केराबाईला घेऊन आले आणि पाण्याकडं बोट दाखवलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. पदर डोक्यावर ओढून तिनं हात जोडले आणि मग व्हरांड्याच्या कठड्यावर बसून सांगितलं.

ती लहान असताना इथं खाली वस्ती होती. एकदा भर दुपारी वरून पाणी आलं, पळायला वेळ मिळाला नाही. मोठी माणसं पाण्यात उतरली आणि हाताला हात धरून उभी राहिली, पार त्या कडेपासून वरच्या रस्त्यापर्यंत. पोरांना त्या साखळीवरून पुढं दिलं, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या. केराबाई त्यातलीच एक.

"माझी आय हुती मदी. मला फुडं दिलं आन् म्हनली, मागं बगू नगं. मी बगितलं की."

सगळी पोरं पार झाली होती. मोठ्यांनी आता एकेक करून निघायचं होतं. तेवढ्यात मधल्या एकीनं हात सोडला. नागव्वा तिचं नाव. तिचं तान्हं काठावर रडत होतं आणि पाणी त्याच्या दुपट्यापर्यंत आलं होतं, म्हणून ती पळाली. साखळी तुटली तिथून पाणी घुसलं आणि बाकी सगळे गेले. नागव्वा वाचली, म्हातारी होऊन मेली.

मी विचारलं, लोक तिला काय म्हणायचे.

"काय म्हननार? कुनी वंगाळ बोललं न्हाय कदी. पर तिच्या शेजारी बी कुनी बसलं न्हाय." मग पाण्याकडं बघून म्हणाली, "इतकी वर्सं कोरडंच हुतं हितं. तुमी पानी आनलं. आता ती समदी उबी ऱ्हायली."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती दर पावसाळ्यात त्याच टेकाडावर वाडा का घालते, ते मात्र मला कळलं. जाताना तिनं त्या मोकळ्या जागांपैकी एकीकडं बराच वेळ बघितलं. कोणती ते मी विचारलं नाही.

७ सप्टेंबर

रांग पुढं सरकलीय. पाणी तेवढंच आहे, तरी जागा उताराच्या पायथ्याशी आल्यात. व्हरांड्याच्या दिशेनं.

हुसेनसाबांनी बघितलं. जीपमधून उतरलेच नाहीत. डबा खिडकीतून दिला आणि म्हणाले, "सामान भरा. चांदबीनं खोली रिकामी क्येली. चार दिस आमच्याकडं ऱ्हावा." आजवर इतक्या आपुलकीनं मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी नाही म्हटलं. वर पाऊस सांगितलाय, गेट सोडून कसं जाऊ. त्यांनी आग्रह केला, मग जीप वळवून गेले.

खरं कारण लिहायला हवं. सकाळी उठले की मी आधी पाण्यातल्या त्यांच्याकडं बघते. रांग आहे ना, सगळे आहेत ना. काल जेवताना पाठ त्यांच्याकडं झाली होती, म्हणून ताट घेऊन फिरून बसले. भीती वाटते. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुलूप उघडताना जे वाटायचं, त्यापेक्षा ही भीती बरी.

१० सप्टेंबर

आज ते बरं-बिरं सगळं गेलं.

क्वार्टरच्या दुसऱ्या बाजूला, वरच्या रस्त्याकडं जाणाऱ्या गवतात, ओल्या दाबलेल्या जागा. पावलांच्या जोड्या, एकमेकींना लागून, थेट रस्त्यापर्यंत. तिथं पाणी पोचलेलंच नाही. गवत आडवं झालंय आणि मातीतून पाणी वर येतंय, पायाखालून येतं तसं.

एका बाजूची रांग व्हरांड्याच्या डाव्या खांबाला टेकलीय. दुसरी उजव्या खांबाला.

मधे व्हरांडा. मधे मी बसते ती जागा.

हुसेनसाबांना फोन लावला, लगेच या म्हटलं. निघाले होते. रस्त्यावरच्या ओढ्याला पाणी आलंय, बुटक्या फरशी पुलावरून जीप घालता येईना. ओढ्याच्या पलीकडून फोनवर बोलत राहिले. मागून चांदबीचा आवाज येत होता, काय म्हणत होती कळलं नाही. मग आवाज तुटला.

१२ सप्टेंबर

धरणातून मोठं पाणी सोडलंय. उद्या दुपारपर्यंत इथं येईल. फरहानसरांचा फोन आला, गेट पूर्ण उघड म्हणाले, नाहीतर सगळा पूर खालच्या वस्त्यांवर जाईल. उघडलं. टेकाडाचं विचारलं तर म्हणाले, सगळे अडथळे काढून एकदा चालव, बघ टेकाड कोरडं राहतंय. चालवलं. राहिलं कोरडं. पण तसं पाणी इथं वाहतच नाही, हे मला ठाऊक आहे.

सगळे ठेवून चालवलं. पाणी रांगेला येऊन अडतं, चढतं आणि व्हरांड्याच्या फटीतून घुसतं. मागच्या सखल रानातून सरळ टेकाडावर. पिवळा ठिपका निळा होतो. गडद निळा.

मग ते केलं जे करायला नको होतं. व्हरांड्यात एक अडथळा टाकला. एकच. खांद्यांएवढा.

पाणी वळलं. अख्खंच्या अख्खं जुन्या पात्रात गेलं आणि खाली नदीला मिळालं. टेकाड पिवळं.

पुन्हा काढला. निळं. पुन्हा टाकला. पिवळं. किती वेळ तेच करत बसले होते.

संध्याकाळच्या उजेडात चिखलातून टेकाडावर गेले. रस्त्यावर चला म्हटलं, क्वार्टरच्या गच्चीवर तरी चला. ज्ञानबाचा पाय मेंढीच्या धक्क्यानं मुरगळलाय, उभं राहता येत नाही. केराबाई त्याला आणि मेंढ्यांना सोडून येणार नाही. तूच म्हनलीस की हितं पानी चढत न्हाय, असं म्हणाली. टोमणा नव्हता, तिचा विश्वास होता. मी काय सांगणार होते तिला. मॉडेल चुकलं म्हणून? ते चुकलेलं नाही. त्यातलं एक माणूस कमी आहे, एवढंच.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. माझा दंड धरला. "तुला कुनी म्हनलं न्हाय उबी ऱ्हा म्हनून. तू गच्चीवर जा, लेकी. ऐकलंस का."

१३ सप्टेंबर, सकाळ

पाऊस नाही. ऊन पडलंय. पाणी उतारावर चढतंय, आवाज न करता. फोन बंद. जलपर्णी व्हरांड्याच्या पायरीला लागलीय आणि त्यात त्या मोकळ्या जागा, आता इतक्या जवळ की तळ दिसायला हवा. दिसत नाही.

गच्चीची लोखंडी शिडी व्हरांड्याच्या टोकाला आहे. चढून बघितली. मजबूत आहे. वरून टेकाड दिसतं. केराबाईनं कोकरं उचलून बैलगाडीच्या साट्यावर ठेवलीत.

खाली आले. वही इथं आहे म्हणून आले.

१३, नंतर

पाणी व्हरांड्यात. घोट्यापर्यंत. गार, विहिरीच्या पाण्यासारखं. मी खिडकीशी उभी, वही खिडकीच्या फळीवर. दोन खांबांच्या मधून पाणी जोरात आत येतंय आणि मागच्या दारानं बाहेर — सखल रान भरलं — टेकाडाचा पायथा बुडाला. मेंढ्या ओरडतायत. शिडी जवळच आहे, चार पावलं, जायला काहीच —

नागव्वाला असंच वाटलं असेल. जायला काहीच नाही.

गुडघे. केराबाई ज्ञानबाला ओढून वर घेतेय. तिचं लक्ष माझ्याकडं नाही. मी हाक मारली, तिला ऐकू —

डाव्या बाजूला कुणीतरी आहे. बघितलं नाही. पाणी तिकडून येईनासं झालंय, आडोशाला उभं राहिल्यासारखं. माझा हात खाली होता, पाण्यात. बोटं —

धरलाय. डावा हात धरलाय. घट्ट नाही. सोडवला तर सुटेल, अगदी सहज सुटेल, ते मला सोडतील — हेच भयंकर आहे —

कमरेएवढं. वही वर धरलीय. बघते टेकाडाकडं. पाणी थांबलंय. नाही — थांबलं नाही, पण पहिल्यासारखं धावत नाही. दुसऱ्या बाजूनं अजून जातंय. उजव्या बाजूनं. उजवा हात मोकळा आहे म्हणून. लिहितेय म्हणून.

किती दिवसांनी कुणी हात धरला. आई गेली तेव्हासुद्धा —

शिडी दिसतेय. ऊन आहे तिच्यावर. केराबाई आता माझ्याकडं बघतेय, हातानं वर जा, वर जा म्हणतेय, पाणी तिच्या पायाशी आहे —

उजवीकडं कुणीतरी आलंय. घाई करत नाही. थांबलंय माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत, आणि मी मुद्दाम लिहीत राहिलेय, लिहीत राहिले तर — कोकरू वाहून — केराबाई त्याच्यामागं उतरली, उतरू नको, उतरू — मी देतेय हात, देते, हे बघ